नऊ पुस्तकं, एक कोयता

झेरॉक्स मशीनमध्ये आपला मूळ कागद विसरून जाणाऱ्या माणसांसाठी एखादं कलम असायला हवं, असं दिपाली ठुबेचं प्रामाणिक मत होतं. नगरच्या कोर्टासमोर राधाकृष्णचं झेरॉक्सचं दुकान आहे. राधाकृष्ण मशीनपेक्षा मोबाईलवरच जास्त असतो. "तुमीच काढून घ्या, वकीलबाई," म्हणून त्यानं हात हलवला. दिपालीनं झाकण उचललं, तर काचेवर कुणाचा तरी कागद पालथा पडलेला.

तिनं तो उलटला. वर छापलं होतं, 'वाचनासाठी शिफारस केलेले ग्रंथ'. खाली तीन रकाने: कायदा, राजकारण, तत्त्वज्ञान. प्रत्येकात तीन पुस्तकं. तिनं झेरॉक्स काढायला आणलेला कागदही हाच होता, शब्दाला शब्द.

अशा योगायोगाला कथेत गोड म्हणायची पद्धत आहे. दिपालीला मात्र तो मुळीच गोड वाटला नाही. पुण्यातल्या एका विधी संस्थेत एलएलएमच्या मोजक्याच जागा होत्या. मुलाखत महिनाभरानं या नऊ पुस्तकांवर होणार होती, आणि नगर जिल्ह्यातून वर्षाला एकाची जरी वर्णी लागली तरी पेपरात फोटो यायचा. दिपालीला कायदा शिकवायचा होता, कोर्टात तारखा मागत फिरायचं नव्हतं. आणि त्यासाठी तिला तिथंच जायचं होतं. केडगावला घरी वडिलांनी, सूर्यभान ठुब्यांनी, नाही म्हटलं नव्हतं. "नंबर लागला तर जा," म्हणाले होते. फक्त 'लागला तर'वर जरा जास्त जोर दिला होता.

"माझा कागद राह्यला का वो हितं?"

दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. धावत आला असावा. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली.

"हा? तुमचाच कशावरून?" दिपाली म्हणाली.

"उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग हाय."

तिनं पाहिलं. डाग होता.

"पुरावा मान्य. पण कागद देऊ की नको, विचार करतेय."

"का?"

दिपालीनं आपला कागद त्याच्या कागदाशेजारी धरला. त्यानं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं… आणि हसला. दिपालीला त्याचं हसणं आवडलं, आणि आवडल्याचा रागही आला.

"म्हंजे ते निळं पुस्तक तुमी नेलंय!" तो म्हणाला. "मी आठवडाभर काकासाहेबांच्या डोक्यावर बसलोय त्याच्यासाठी."

"आणि हिरवं तुमच्याकडे आहे. मीही बसलेय."

काकासाहेब म्हणजे शहरातल्या जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल. त्यांच्याकडे या नऊ पुस्तकांची एकेकच प्रत होती. लेखकांची नावं उच्चारायला अवघड, म्हणून सगळे पुस्तकं रंगावरून मागायचे. चार दिपालीनं घरी नेली होती, चार या मुलानं, आणि नववं काकासाहेबांनी दोघांच्या कटकटीला कंटाळून कपाटात ठेवून दिलं होतं.

मुलाचं नाव अंगद गर्जे. पाथर्डीच्याही पलीकडच्या गावचा. आई-वडील दर दिवाळीला ऊसतोडीला जायचे, ते पार उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. हे त्यानं चहा पिता पिता सांगितलं, जसं कुणी वडील तलाठी आहेत म्हणून सांगतं.

"आमच्याकडं एकटा मानूस तोडीला गेला तर त्याला अर्धा कोयता म्हनत्यात," तो म्हणाला. "जोडी असली तरच एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. नऊ पुस्तकं एकट्यानं महिन्यात तोडून व्हायची न्हाईत. न तुमच्यानं, न माझ्यानं."

"मग?"

"मग काय… दोन अर्धे कोयते बसलेत की हितं."

"मला अर्धा कोयता म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"पूर्न म्हनायला अजून तेवढी ओळख कुठं हाय?" तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर त्याचे कान तांबडे झाले. दिपालीनं कपात पाहिलं. कपात पाहण्यासारखं काही नव्हतं.

करार ठरला. नववं पुस्तक काकासाहेबांकडून सोडवून दोघांनी मिळून वाचायचं. आपापली पुस्तकं वाचायची आणि त्यांची मोळी बांधून दुसऱ्याला द्यायची, म्हणजे लेखक काय म्हणतो, का म्हणतो, कुठं अडखळतो ते सगळं, असं की दुसऱ्यानं ती नुसती डोक्यावर घेऊन मुलाखतीला जावं. दिपालीनं एकच अट घातली.

"पुस्तकात आहे तेच सांगायचं. पदरचं काही नाही."

"कबूल," अंगद म्हणाला.

आता, प्रतिस्पर्ध्याच्या हातात आपला निम्मा अभ्यास देणं हा शहाणपणा नव्हे, हे दिपालीला कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांत फरक असतो. वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर, कडुलिंबाखाली, ती दोघं रोज संध्याकाळी बसू लागली.

"निळ्याचं म्हणणं असं," दिपाली सांगायची, "की माणसं एकमेकांच्या भीतीनं एकत्र आली, आणि त्यातून राज्य तयार झालं."

"भीतीनं? मग आपन कशानं आलो?"

"पुस्तकांच्या टंचाईनं."

"म्हंजे प्रती वाढल्या की राज्य मोडलं म्हना."

"तुम्ही पुढचं ऐकणार आहात का?"

"ऐकतोय की. डोळे तुमच्याकडं असले तरी कान निळ्याकडंच हायेत."

तो पान उलटण्याआधी हात रुमालाला पुसायचा आणि वरच्या कोपऱ्याला धरून इतकं हळू उलटायचा, जसं झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं. दिपालीनं हे पाहिलंच नाही, असं ती स्वतःला सांगायची. रोज सांगायची.

एकदा पाऊस आला. नगरचा पाऊस तो. हजेरी लावतो, धुळीला वास सुटतो न सुटतो तोच निघून जातो. पण तेवढ्यात अंगदनं पिशवीतला टॉवेल काढून झटकन तिच्या हातातल्या निळ्यावर टाकला, आणि दिपाली शेजारी भिजत राहिली.

"वा! माणसं भिजली तरी चालतील?"

"मानूस वाळल्यावर नीट होतं," तो गंभीरपणे म्हणाला. "पुस्तक फुगतं."

ती हसत सुटली. कपाळावरून ओघळणारं पाणी पुसायलाही तिचा हात रिकामा नव्हता, एका हातात चहा, दुसऱ्यात निळं. अंगदनं टॉवेलाचं एक टोक उचललं, पुढं केलं… आणि मध्येच थांबला. मग तिच्या हातातला चहा घेतला आणि टॉवेल तिच्या हातात दिला. पाऊस केव्हाच थांबला होता. दोघांपैकी कुणी तसं म्हणालं नाही.

सगळ्यात शेवटी हिरवं राहिलं. ते तत्त्वज्ञानाचं होतं आणि त्याचा विषय होता वचन. कायद्याचा धाक नसला तरी माणसानं दिलेला शब्द का पाळावा? मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी अंगदनं त्याची मोळी आणली. एकेक प्रकरण नीट सांगितलं. शेवटच्याशी आल्यावर मात्र जमिनीकडं बघत बोलू लागला.

"शेवटी लेखक म्हनतो… ओझं डोक्यावर घेनाऱ्याला गाठ दिसत न्हाई. गाठ दुसऱ्यानं मारलेली असती. त्याच्या भरवशावर तो फळीवरून वर चढतो. वचन तसंच हाय. शब्द देनारा आपला उद्याचा दिवस आजच दुसऱ्याच्या हवाली करतो. मग तो मोडला, तर आपलीच दिलेली वस्तू आपन चोरून परत आनली, असं हुतं."

दिपालीनं हातातली वही मिटली.

"किती सुंदर आहे," मग ती म्हणाली. "नऊ पुस्तकांतलं सगळ्यात सुंदर."

"व्हय?" अंगद म्हणाला, आणि कडुलिंबाच्या शेंड्याकडं पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच एसटीनं पुण्याला गेली. दिपालीचा नंबर आधी लागला. समोर तिघं होते. मधल्या बाईंचा चष्मा साखळीला अडकवलेला. कायदा झाला, राजकारण झालं, दिपाली छान बोलत होती. मग बाईंनी हिरव्या पुस्तकाचं नाव घेतलं. दिपालीला आतून उजेड पडल्यासारखं झालं.

"शेवटच्या प्रकरणात लेखक म्हणतो," तिनं सुरुवात केली, "की ओझं डोक्यावर घेणाऱ्याला गाठ दिसत नाही…" आणि तिनं ते सगळं सांगितलं, फळीसकट, उद्याच्या दिवसासकट.

बाईंनी चष्मा काढला.

"शेवटच्या प्रकरणात लेखक याच्या नेमकं उलट म्हणतो. वचन दोघांच्या सोयीचं असेपर्यंतच वचन. सोय संपली की ते मोडण्यात काही गैर नाही. त्याच प्रकरणासाठी पुस्तक गाजलं." बाईंनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "हे पुस्तक तुम्ही स्वतः वाचलंय?"

'नाही' म्हणायला फार वेळ लागत नाही. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेल्या माणसाला तेवढंही सुचत नाही.

"हो," दिपाली म्हणाली.

बाहेर बाकावर अंगद बसला होता. "कसं झालं?" म्हणत तो उठला. दिपालीनं त्याच्याकडं पाहिलं आणि एका क्षणात तिच्या डोक्यात सगळं जुळून आलं… जिल्ह्याला मिळाली तर एकच जागा, दोन माणसं, आणि त्यातलं एक दुसऱ्याच्या डोक्यावर सैल मोळी ठेवून मोकळं. "तुमची मोळी सुटली," एवढंच म्हणून ती जिना उतरली. परतीची एसटी तिनं एकटीनं पकडली आणि सुप्यापर्यंत रडली. सुप्यानंतर नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. हिरवं पुस्तक परत आलं होतं. तिनं मागून उघडलं. शेवटच्या प्रकरणाचं मथळ्याचं पान तेवढं होतं, पुढची पानं मुळापासून फाडलेली.

"फार जुनी गोष्ट आहे ती," काकासाहेब म्हणाले. "कुणी फाडली देव जाणे. त्या गर्जेला मी नेतानाच सांगितलं होतं, बाबा, याला शेवट नाही."

म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत असून त्यानं लेखकाच्या नावावर आपल्या पदरचं सांगितलं होतं. दिपालीच्या संशयाला आता पुरावाही मिळाला. ती मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, आणि अंगद तिथं येईल हे तिला ठाऊक होतं. तो आला.

"मला पाडायचं होतं तर सरळ पाडायचं," ती म्हणाली. "तत्त्वज्ञान कशाला शिकवलंत?"

"पाडायचं?" त्याचा चेहरा खरंच उतरला. "तुमाला मी पाडीन व्हय?"

"मग का?"

तो दोन पायऱ्या सोडून बसला.

"तुमी निळ्याची मोळी अशी बांधून आनली हुती की एक कांडं हलत नव्हतं. अन् मी काय म्हनून सांगू, की माझी सुटी हाय, बांधायला शेवटच न्हाई? लाज वाटली. म्हटलं, लेखक शेवटी काय म्हनत असंल ते आपनच विचार करून बघू. रातभर केला. आन मग…"

"मग काय?"

"मग ते लेखकाचं राह्यलंच न्हाई. आई मोळ्या बांधती अन् बा त्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढतो. लहानपनापास्नं बघतोय. बानं कदी गाठ चाचपून बघितली न्हाई. मला तुमाला तेच सांगायचं हुतं. उद्याचा दिवस कुनाच्या तरी हवाली करायचा, ते… ते लेखकाला काय करायचंय? ते माझं हुतं. तुमच्यासाठी हुतं. पर तोंडावर सांगायची छाती न्हाई झाली."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं दिपालीनं पुष्कळ पाहिली होती. परदेशातल्या मेलेल्या तत्त्वज्ञाच्या मागं भांडं लपवणारा हा पहिलाच. तिला हसू येत होतं आणि रागही जात नव्हता.

"आणि तुमच्या मुलाखतीत?"

"बाईंनी मला बी हिरवंच विचारलं. मी म्हटलं, शेवटचं प्रकरन मी वाचलेलं न्हाई, आमच्या प्रतीत ते फाटलंय. माझ्या आधी एका मुलीनं गाठीचं सांगितलं आसंल, तर ते माझं हाय. तिची त्यात चूक न्हाई. निळं विचारलं, तर म्हटलं, ते तिनं वाचलंय, मी नुसतं ऐकलंय. पर ऐकलंय ते सांगतो."

दिपाली उठली. तिला बोलायचं बरंच काही होतं, पण त्यातलं एकही वाक्य तिच्या बाजूचं नव्हतं. ती तडक केडगावच्या सिटी बसमध्ये जाऊन बसली.

निकाल मोबाईलवर आला. अंगद गर्जे, निवड. दिपाली ठुबे, प्रतीक्षा यादीत पहिली.

संध्याकाळी अंगद राधाकृष्णच्या दुकानात आला, कारण दिपाली तिथं सापडेल हे त्याला माहीत होतं. हातात एक अर्ज होता.

"सही केलीय," तो म्हणाला. "मी जागा सोडली की तुमचा नंबर लागतो. बघा एकदा, भाषा बरोबर हाय का."

दिपालीनं अर्ज वाचला. भाषा बरोबर होती. तिनं तो शांतपणे दोनदा फाडला आणि राधाकृष्णच्या टोपलीत टाकला. राधाकृष्णनं मोबाईल खाली ठेवला. असं क्वचितच व्हायचं.

"गाठ तुम्ही सैल मारलीत," ती म्हणाली. "त्याचा राग आहे, राहील थोडे दिवस. पण त्या बाईंनी विचारलं, स्वतः वाचलंय का, तेव्हा 'हो' मी म्हणाले. ते 'हो' माझं होतं, अंगद. तुम्ही खरं बोललात, तुम्ही जा. मी पुढच्या वर्षी येईन, नऊच्या नऊ वाचून."

"अन् वडील?"

"त्यांच्यापुढं माझा युक्तिवाद मी करीन. वकील आहे मी."

त्यानं टोपलीतल्या तुकड्यांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अन् त्या दुसऱ्याचं काय? पायऱ्यांवर बोललो त्याचं."

"निकाल राखून ठेवलाय," दिपाली म्हणाली. पण डोळ्यांना राखता आला नाही, आणि ते त्याला दिसलं.

तो पुण्याला गेला. पहिल्याच शनिवारी परत आला आणि तिच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला. हिरव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण, तिथल्या ग्रंथालयातल्या धड प्रतीवरून काढलेलं.

"आता पुस्तकात हाय तेच आनलंय," तो म्हणाला. "पदरचं काई न्हाई."

दिपालीनं पायऱ्यांवर बसून सगळं वाचलं. संथपणे, एकही ओळ न सोडता. अंगद दोन पायऱ्या सोडूनच बसला होता. चहा निवून गेला तरी त्यानं कप उचलला नाही. शेवटचं पान संपलं.

"लेखक हुशार आहे," ती म्हणाली. "मुद्देसूद आहे. खोडायला अवघड आहे."

"व्हय," अंगद म्हणाला, जरा पडेल आवाजात.

"पण तुझा शेवट चांगला आहे."

आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. अंगदनं मान वर केली. मधल्या दोन पायऱ्या कुणी ओलांडल्या हे सांगणं कठीण आहे. काकासाहेबांनी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या रिकाम्या होत्या आणि ती दोघं एकाच पायरीवर होती. काकासाहेबांनी खिडकी लावून घेतली.

रविवारी संध्याकाळी पुण्याच्या एसटीत दोघं शेजारी बसली. कंडक्टर कुरकुरला, "केडगावला थांबत न्हाई ही गाडी," आणि मग दिपालीकडं, अंगदकडं, पुन्हा दिपालीकडं बघून त्यानं तिकीट फाडलं. रस्ता थोडकाच. ठुब्यांच्या घरी गर्ज्यांचं नाव निघालं की काय होईल, यावर दोघंही बोलली नाहीत. तो खटला अजून बोर्डावर यायचा होता, आणि सोपा नव्हता.

"पुढच्या शनिवारी येतो," अंगद म्हणाला.

"लेखकाच्या मते, तुझी सोय असली तरच."

"अन् तुझ्या मते?"

केडगाव आलं. दिपाली उठली, दांडा धरून पायरीपर्यंत गेली.

"विचारनार न्हाईस का," अंगद मागून म्हणाला, "नक्की येशील का म्हनून?"

तिनं वळून पाहिलं. संध्याकाळचं पिवळं ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ती हसत होती.

"मी ओझं डोक्यावर घेतलंय," दिपाली म्हणाली. "गाठ बघत नाही." आणि ती खाली उतरली.